मोटारी घडविणाऱ्यांच्या सायकली

जबलपूरचे नाव काढले की बहुतेकांना भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा धबधबा आठवतो. मला मात्र सर्वांत आधी आठवतो तो कारखान्याचा भोंगा.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे पुण्याहून मामांकडे जबलपूरला जात असू. संध्याकाळी भोंगा वाजला की मामी हातातले काम टाकून चहाचे आधण ठेवायची आणि आम्ही रस्त्याच्या कडेला धावत सुटायचो. कारखान्याची फाटके उघडायची आणि थोड्याच वेळात सारा रस्ता सायकलींनी भरून जायचा. काळ्या, उंच दांड्यांच्या सायकली. हँडलला अडकवलेल्या डब्याच्या पिशव्या. मागच्या कॅरियरला बांधलेली भाजी. घंटांचा एकच किणकिणाट! त्या गर्दीतून आपले मामा कोण शोधतो याची आमची पैज लागायची.

गंमत अशी, की हे सारे लोक घडवीत होते मोटारी आणि तोफा. १९०४ साली सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ मध्ये स्थापन झालेली व्हेइकल फॅक्टरी, या तिन्हींनी जबलपूरच्या पूर्वेकडची वस्ती वसवली. सैन्याचा प्रसिद्ध शक्तिमान ट्रक जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या सहकार्याने इथेच तयार झाला. 'जोंगा' ही सैन्याची दणकट जीपगाडीही इथलीच. तिच्या नावातच जबलपूर आहे. 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली' या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून 'जोंगा' झाले. माझे मामा १९७० मध्ये व्हेइकल फॅक्टरीत लागले ते २००८ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच होते. अडतीस वर्षे ते ट्रक जोडत राहिले आणि अडतीस वर्षे सायकलने घरी आले.

गेल्या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी पुन्हा जबलपूरला जाण्याचा योग आला. निमित्त मामांचेच होते. वहिनीचा फोन आला होता, "ताई, तुम्ही येऊन जरा बाबांना समजवा. वय सत्त्याहत्तर झालं. एकदा पडून झालं, तरी सायकल सोडत नाहीत. आणि आता नातीलाही तेच वेड लावलंय!"

बदललेले शहर

रात्री कल्याणला हावडा मेल पकडली. इटारसीला गाडी पूर्वेकडे वळली आणि डाव्याउजव्या हाताला नर्मदेच्या खोऱ्यातली गव्हा-हरभऱ्याची हिरवी शेते सुरू झाली. पिपरिया, नरसिंहपूर करीत दुपारी जबलपूर आले.

महाराष्ट्रातल्या माणसाला हे शहर परके वाटत नाही. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत बनविला, त्याची राजधानी नागपूर होती आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर एकाच प्रांतात नांदले. रेल्वे, कचेऱ्या, शाळा आणि कारखाने यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे इथे तीन-तीन, चार-चार पिढ्यांपासून आहेत. गोलबाजारच्या दत्तमंदिरात आजही अस्सल मराठी कानी पडते. मात्र घरातल्या मुलांचे मराठी हिंदीच्या पाण्यात चांगलेच भिजलेले असते. भाचा दारात स्वागताला आला तो "का हो बड्डे" असे मित्राला फोनवर म्हणतच! 'बड्डे' म्हणजे दोस्त. हा शब्द ऐकला की समजावे, माणूस जबलपूरचा.

स्टेशनवरून घरी जाताना मामेभावाने मुद्दाम थोडा वळसा घेऊन नवा उड्डाणपूल दाखविला. मदनमहालपासून दमोह नाक्यापर्यंत सुमारे सात किलोमीटर लांबीचा हा पूल ऑगस्ट २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. वरून गाडी सुसाट जाते आणि दूरवर मदनमहालची टेकडी आणि तिचे काळे ग्रॅनाइटचे खडक दिसतात. भाऊ अभिमानाने सांगत होता. मीही कौतुक केले. पण खाली उतरून घमापूर, कांचघर ओलांडून सतपुल्याकडे निघालो, तेव्हा माझे डोळे सायकली शोधू लागले.

कारखाने आहेतच. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ जाऊन त्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, एवढाच कारभारातला फरक. सुटीची वेळही झाली होती. रस्ता तसाच भरून वाहत होता, पण मोटारसायकलींनी, स्कूटरांनी, मोटारींनी आणि मधूनच घुसणाऱ्या ई-रिक्षांनी. घंटांच्या जागी हॉर्न होते. त्या गर्दीच्या डाव्या काठाला, नाला आणि उभ्या गाड्या यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून, अंग चोरून चाललेल्या पंधरा-वीस सायकली मला दिसल्या.

तेव्हा हे कसे जमत होते?

रात्री जेवणे झाल्यावर मी मामांपुढे विषय काढला. "मामा, त्या काळी हजारो सायकली एकदम रस्त्यावर यायच्या. ट्रक, बस, टांगे, सारे त्याच रस्त्यावर. तेव्हा भीती नव्हती का हो वाटत?"

मामा हसले. "अगं, बस चालवणाऱ्याचा भाऊ आमच्याच शॉपमध्ये होता. ट्रकवाला ड्युटी संपली की स्वतः सायकलवर टांग टाकायचा. कुणाला हॉर्न मारणार तो? भोंगा झाला की बसवाला गाडी कडेला घेऊन सरळ विडी पेटवायचा. म्हणायचा, दहा मिनिटांचा तर सवाल आहे."

मला ते पटले. त्या काळचे लोक फार शिस्तीचे होते असे नव्हे. पुष्कळजण दिव्याशिवाय चालवीत, डबलसीट जात, गप्पा मारत तिघे-तिघे ओळीने चालत. पण मोटार चालविणाऱ्याच्या पायांना पायडल माहीत होते. चढावर सायकल डुगडुगते, समोर खड्डा आला की ती एकदम उजवीकडे येते, मागून कर्कश हॉर्न वाजला की हात हलतो, हे त्याला कुणी शिकवावे लागत नव्हते.

आमच्या पुण्याचीही कथा हीच. एके काळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणारे पुणे! सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला नसला किंवा रात्री बत्ती नसली की पोलीस अडवीत, ही आठवण सांगणारे आजोबा अजून घरोघरी आहेत. पुढे लूना आली, चेतक आली, मग मोटारी आल्या. त्यात वाईट काही नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायला, लेकराबाळांना पावसातून आणायला गाडीची सोय झाली. कष्टाने मिळविलेल्या सुखाला नावे कशाला ठेवायची? पण एका पिढीत आपण सायकलवरून उतरलो आणि दुसऱ्या पिढीत तिच्यावर कोण बसते हेच विसरलो.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी सुमारे ४५ घरांत सायकल होती. स्कूटर-मोटारसायकल २१ घरांत आणि मोटार पाचांहूनही कमी घरांत होती. गाड्या त्यानंतर पुष्कळ वाढल्या. सायकल मात्र गेलेली नाही, फक्त तिच्यावर बसणारा बदलला. जबलपूरला मी चार दिवस मुद्दाम पाहिले. पहाटे वर्तमानपत्रे टाकणारी मुले, दुधाचे कॅन लावलेले दूधवाले, थापी-ओळंबा पिशवीत घालून आसपासच्या खेड्यांतून येणारे गवंडी, शाळकरी मुली, आणि डुमना रस्त्यावर शिरस्त्राण घालून व्यायामासाठी निघालेले डॉक्टर-वकील. या शेवटच्या मंडळींना मोटारवाले थोडा मान देतात असे वाटले. गवंड्याला मात्र "अबे, किनारे!" हाच मान.

माझ्याच हातून

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भाऊ, वहिनी आणि मी सदरला खरेदीला गेलो. भावाने गाडी कडेला उभी केली. मी पुढे डावीकडे बसले होते. पर्स घेतली, वहिनीशी बोलता बोलता दार उघडले आणि "अरे, अरे!" असा आवाज आला. एका सायकलवाल्याने करकचून ब्रेक लावला होता. सायकल आडवी झाली, तो एका पायावर कसाबसा सावरला. पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर घरंगळले.

मी कापऱ्या आवाजात माफी मागितली. तो पन्नाशीचा माणूस होता. टोमॅटो गोळा करताना तो म्हणाला, "कोई बात नहीं बहनजी, देख के खोला करो." एवढेच. त्याने रागावून बोलायला हवे होते, मला बरे वाटले असते.

घरी परत येईपर्यंत मी गप्प होते. कारण मामांचा दोन वर्षांपूर्वीचा अपघात नेमका असाच झाला होता. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारीचे दार अचानक उघडले, मामा त्याच्यावर आदळून पडले, खांद्याचे हाड मोडले, तीन महिने हात गळ्यात. तेव्हा पुण्यात बसून त्या अज्ञात माणसाला मी किती बोलले होते! आणि आज तीच चूक माझ्या हातून झाली. पुण्यात मी रोज गाडी चालविते. पुढच्या सायकलवाल्याला हॉर्न देऊन बाजूला करताना मला कधी काही वाटलेले नाही, हेही मला त्या रात्री स्वतःशी कबूल करावे लागले.

मामांना सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू उजव्या हातानं दार उघडायला हवं होतंस." मला समजेना. मग त्यांनी खुर्चीवर बसवून करून दाखविले. डावीकडच्या दाराजवळ बसलेल्याने उजव्या हाताने कडी धरायची. म्हणजे खांदा आपोआप वळतो, मान मागे जाते आणि मागून येणारा दिसतो. उजवीकडे बसलेल्या चालकाने डाव्या हाताने उघडायचे. हॉलंडमध्ये मोटार शिकविताना ही सवय लावतात. किती सोपी गोष्ट! तिला पैसा लागत नाही, सरकारचा हुकूम लागत नाही.

हॉलंड म्हणताच आपल्याला वाटते, ते लोक पहिल्यापासूनच सायकलवाले. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या आणि सायकली हटू लागल्या. १९७१ या एका वर्षात त्या लहानशा देशात रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. "मुलांचे बळी थांबवा" अशी चळवळ उभी राहिली. १९७३ च्या तेलटंचाईने तिला जोर आला आणि मग हळूहळू सायकलींसाठी वेगळे मार्ग, वस्तीतून मोटारींच्या वेगावर बंधन असे बदल होत गेले. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत चार हजारांहून अधिक सायकलस्वार होते. त्यांच्यासाठी आपण अजून तसे उतरलेलो नाही.

नातीची सायकल

आता खरा प्रश्न होता मामांच्या नातीचा. ती नववीत आहे. शाळा साडेतीन किलोमीटरवर. आजोबांनी वाढदिवसाला सायकल दिली, पण वहिनीने ती अंगणातच ठेवायला लावली. "कॉलनीत फिरव, शाळेत नाही." वहिनीची भीती खोटी नव्हती. ज्या घरात एकाचे हाड मोडले आहे, त्या घरातली आई दुसरे काय म्हणेल?

मी आले होते मामांची सायकल सोडवायला. पण सदरच्या त्या संध्याकाळनंतर माझ्या तोंडून ते शब्द फुटेनात. चूक मोटारवाल्यांनी करायची आणि सायकल म्हाताऱ्याने सोडायची, मुलीने घरात बसायचे, हा कुठला न्याय? आपल्या देशात तर मुलींच्या शिक्षणासाठी सरकारे सायकली वाटतात. बिहारमध्ये २००६ पासून अशा सायकलींनी हजारो मुली हायस्कूलपर्यंत पोहोचल्या. मध्य प्रदेशातही खेड्यातल्या विद्यार्थ्यांना त्या मिळतात. मग शहरातल्या मुलीने काय घोडे मारले आहे?

रविवारी सकाळी थंडीत कानटोप्या घालून मामा, नात आणि मी असे तिघे शाळेचा रस्ता पाहायला निघालो. माझ्यासाठी शेजारची सायकल मागून आणली होती. कित्येक वर्षांनी चालवीत होते. पहिल्या चढालाच दम लागला. शेजारून एक मोटार हातभर अंतरावरून सपकन गेली, तेव्हा वाऱ्याने सायकल हेलकावली आणि पोटात गोळा आला. मोटारीत बसून हे कधीच कळत नाही.

मामा मात्र शांतपणे नातीला शिकवीत होते. "उभ्या गाड्यांपासून एक दार उघडेल एवढं अंतर ठेव. मग रस्त्यात थोडं आत यावं लागलं तरी चालेल. दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये घुसून पुन्हा बाहेर येऊ नको, सरळ रेषेत चाल. वळायच्या आधी मागं बघ, हात दाखव, आणि मागच्याशी नजरानजर झाली तरच वळ. ट्रकच्या किंवा बसच्या डाव्या बगलेत कधी थांबू नको. मी आयुष्यभर ट्रक जोडलेत, मला ठाऊक आहे, ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसतो, त्याला डाव्या चाकाजवळचा माणूस दिसतच नाही. आणि उलट्या बाजूनं यायचं नाही, कितीही घाई असली तरी."

वाटेत एक चौक फार वाईट होता. तिथे तिन्ही बाजूंनी गाड्या घुसत होत्या. मामांनी तिला खाली उतरायला लावले. "इथं सायकल हातात धरून चालत जायचं. यात कमीपणा नाही." पुढे मुख्य रस्त्याला समांतर असा कॉलनीतला शांत रस्ता सापडला. दोनशे मीटरचा फेरा पडत होता, पण ट्रकची वर्दळ नव्हती. घरी येऊन आम्ही वहिनीपुढे कागदावर नकाशा काढला. वहिनीने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "पहिला महिना बाबा बरोबर जातील. मागे लाल दिवा लावायचा. आणि अंधार पडायच्या आत घरी." एवढे ठरल्यावर मग तिनेच भावाकडे वळून सुनावले, "आणि तुम्हीही शाळेजवळून गाडी हळू काढत जा. तिथं कुणाची तरी मुलगी असतेच."

गाडी चालविणाऱ्यांनो, एवढे कराच

वहिनी बोलली ते शास्त्रालाही धरून आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, ३० च्या वेगाला ८ मीटर. म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच दुप्पट अंतर कापलेले असते. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणूनच शाळा, बाजार, वस्ती यांतून ताशी ३० हा वेग पुरे, असे जगभरचे तज्ज्ञ सांगतात.

सायकलला ओलांडताना दीड मीटर, म्हणजे तीन हात आणि वर थोडे, इतके अंतर सोडावे. जर्मनीत २०२० पासून शहरात तेवढे अंतर सोडणे कायद्यानेच बंधनकारक आहे. रस्ता अरुंद असेल तर मागे थांबावे, अर्धे मिनिट जाईल. अगदी पाठीशी जाऊन हॉर्न वाजवू नये. रात्री समोरून सायकल येत असेल तर दिव्याचा झोत खाली करावा, नाहीतर त्या बिचाऱ्याला खड्डाही दिसत नाही. आणि दार उघडताना तो पलीकडचा हात!

सायकलवाल्यांनीही आपले काम करावे. मागच्या मडगार्डावरचा पांढरा पट्टा आणि लाल काच पुसून ठेवावी, पुढे-मागे दिवा लावावा, संध्याकाळी फिके कपडे घालावेत. रस्ता दोघांचा आहे, तेव्हा थोडी तोशीस दोघांनीही सोसावी. मात्र ज्याच्या हाती लोखंडाचा मोठा डबा आहे, त्याची जबाबदारी मोठी.

मी परत आले त्याला आता काही महिने झाले. परवा नातीचा फोन आला होता. "आत्या, आता मी एकटी जाते. आजोबा फक्त त्या वाईट चौकापर्यंत येतात." मागून मामांचा आवाज ऐकू आला, "तिला विचार, पुण्यात दार कुठल्या हातानं उघडते?"

उजव्या, मामा. अजून कधी कधी विसरते, पण आता आठवण येते.

जबलपूरला जायचे असेल तर

मुंबईहून अलाहाबादमार्गे जाणारी हावडा मेल जबलपूरला नेते. नागपूरहून सिवनी, लखनादोनमार्गे मोटारीनेही जाता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. भेडाघाट शहरापासून वीस-बावीस किलोमीटरवर आहे. तिथली नौका-सफर, धुवांधार आणि टेकडीवरचे चौसष्ट योगिनी मंदिर एका दिवसात होते. शहरात मदनमहाल, तोल सांभाळून उभी असलेली ग्रॅनाइटची शिळा आणि संध्याकाळी ग्वारीघाटची नर्मदेची आरती पाहावी. कमानिया गेटजवळ खव्याची काळसर जिलेबी खायला विसरू नये. सकाळी लवकर उठण्याची तयारी असेल, तर डुमना रस्त्यावर सायकलने एक फेरी मारावी. दोन्ही बाजूंना झाडी, हवेत गारवा, आणि त्या वेळी तरी रस्ता अजून सायकलींचा असतो.